उत्सर्ग: घरच्या सुटीविषयी काही विचार

'सुटी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदाशी नाते सांगतो. दावणीचे जनावर सुटते, शाळा सुटते, गाडी सुटते. आणि गाडी सुटल्यावाचून सुटी लागली असे मराठी मनाला सहसा वाटत नाही. उन्हाळ्यात मामाच्या गावाला जावे ही कल्पना बालगीतांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतकी खोल रुजली आहे, की परीक्षा संपल्यावरही जे मूल आपल्याच अंगणात राहिले त्याच्याविषयी शेजारीपाजारी हळहळतात. पुढे आजोळचे वाडे विकले गेले, मामा स्वतःच शहरात दोन खोल्यांत राहू लागला, आणि आप्तांकडे जाण्याची जागा पर्यटनाने घेतली. जाणे तेवढे उरले. कोणाकडे जायचे, हा जुना प्रश्न मागे पडून किती खर्चात जायचे, हा नवा प्रश्न पुढे आला.

शासकीय नियमांनीही ही समजूत उचलून धरली आहे. सरकारी नोकरांना मिळणारी रजा-प्रवास सवलत प्रवास केल्याखेरीज मिळत नाही. विश्रांतीचा पुरावा म्हणून तिकीट जोडावे लागते. २०२० साली महासाथीमुळे प्रवासच थांबला, तेव्हा केंद्र सरकारने ऑक्टोबर महिन्यात एक पर्याय दिला. प्रवासभाड्याच्या तिप्पट रकमेची, आणि किमान १२ टक्के वस्तू व सेवा कर असलेली खरेदी करावी, म्हणजे सवलतीची रक्कम मिळेल, असा तो पर्याय होता. मंदावलेल्या बाजाराला उठाव देण्याचा हेतू त्यामागे होता आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु त्यातून एक गृहीतक आपोआप उघडे पडले. सुटी प्रवासात खर्च करता येते किंवा बाजारात खर्च करता येते. ती नुसती घरी घालवली, तर हिशेबाच्या वहीत तिच्यासाठी रकाना नसतो.

अशा काळात एखाद्या कुटुंबाने उन्हाळा आपल्याच गावी घालवला, आणि गावात जे विनामूल्य किंवा नाममात्र खर्चात मिळते तेवढ्यावर आनंद मानला, तर तिला सुटी म्हणावे की टंचाईला दिलेले गोंडस नाव? 'स्टेकेशन' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो २००८ सालच्या आर्थिक मंदीच्या सुमारास, हे लक्षात घेतले तर शंका अनाठायी वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने रेल्वेवरचा भार कमी व्हावा म्हणून नागरिकांना सुटी घरीच घालवण्याचे आवाहन केले होते, आणि त्यासाठी नगरपालिकांनी उद्यानांत बँडवादन, नृत्य, उघड्यावरची नाटके असे कार्यक्रम योजले होते. पॅरिसमध्ये २००२ सालापासून सीन नदीच्या काठावर उन्हाळ्यात कृत्रिम किनारा उभारतात. ज्यांना समुद्रावर जाणे परवडत नाही त्यांच्याकडे समुद्राने यावे, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे घरच्या सुटीच्या मागे बहुधा कोणती ना कोणती अडचण उभी असते. प्रश्न असा की, अडचणीतून निघालेली गोष्ट अडचणीपुरतीच असते, की तिच्यात काही स्वतंत्र मूल्यही असते?

हा प्रश्न भिलाईच्या संदर्भात विचारावा, याला कारण आहे. नागपूर-रायपूर लोहमार्गावरचे हे गाव एका निर्णयाने शहर झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि दुर्ग जिल्हा दुसऱ्या राज्यात राहिला. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. परंतु राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून माणसांचे येणेजाणे थांबले नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी माणूस छत्तीसगडात आला होता. पोलादाच्या भट्टीने त्याला पुन्हा एकदा बोलावले. त्याच्याबरोबर आंध्रातून, ओडिशातून, बंगालमधून, केरळातून, पंजाबातून माणसे आली. क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे, रुंद रस्ते, त्यांच्या कडेची झाडे, शाळा, इस्पितळ, मैदाने, सभागृहे, हे सारे कारखान्याबरोबरच आखले गेले. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली मैत्री बाग उभी राहिली. तिथल्या पांढऱ्या वाघांनी किमान दोन पिढ्यांचे बालपण व्यापले आहे.

अशा शहरातल्या एका कुटुंबाची कल्पना करावी. आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, वडील कारखान्यात पाळीवर जाणारे, आई घर सांभाळणारी, आजी, आणि शाळेत जाणारी दोन मुले. हे कुटुंब कोण्या एकाचे नव्हे. त्या वस्तीतल्या पुष्कळांचे मिळून झालेले आहे. मे महिना आहे. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो; सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपाचे नऊ दिवस सुरू होतात आणि दुपारी रस्ता ओस पडतो. वडिलांना लांबची रजा मिळत नाही, कारण झोतभट्टी ही रात्री विझवून सकाळी पेटवण्याची चूल नव्हे. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे अखंड चालते, आणि तिच्याबरोबर तीन पाळ्यांत माणसेही अखंड चालतात. आजीला प्रवास झेपत नाही. मोठ्या मुलाच्या शिकवणीचे पैसे भरायचे आहेत. म्हणून यंदा कोठे जायचे नाही, असे ठरते.

मग दिवस कसे जातात? पहाटे, ऊन तापण्याआधी, मुले मैदानावर जातात. कारखान्याच्या क्रीडा विभागाची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे तिथे भरतात, आणि ज्याने आयुष्यात कधी हॉकीची काठी धरली नव्हती तो मुलगा आठवड्याभरात बोटांचे फोड अभिमानाने दाखवू लागतो. एप्रिलच्या १४ तारखेला आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघालेली असते. विदर्भातून आलेल्या बौद्ध कुटुंबांसाठी तो वर्षाचा सर्वांत मोठा दिवस, आणि त्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाणी आणि सरबत देणाऱ्या तरुणांना समोरचा कोण, हे विचारण्याची गरज वाटत नाही. अक्षय तृतीयेला, म्हणजे छत्तीसगडच्या अक्तीला, बाजारात मातीचे पुतरा-पुतरी येतात. मुले त्यांचे लग्न लावतात, वरात काढतात, आणि मोठी माणसे खोट्या लग्नात खरे जेवण वाढतात. सिव्हिक सेंटरमधल्या नेहरू आर्ट गॅलरीत एखादे चित्रप्रदर्शन असते. जवळच्या एखाद्या गावी रात्री नाचा असला, पंडवानी असली, तर चटई घेऊन जावे आणि पहाटे परतावे. शाळा उघडण्याच्या सुमारास ओडिया मंडळींची रथयात्रा येते आणि सुटी संपत आल्याचे सांगून जाते. मधल्या दुपारी पाण्यात भिजवलेला भात, छत्तीसगडी माणूस ज्याला बोरे बासी म्हणतो तो, कांद्याबरोबर खाऊन घर झोपते.

या यादीत हेवा वाटावे असे काही नाही, आणि नेमकी तिथेच पहिली हरकत येते. मराठीत 'फुकट' या शब्दाला मान नाही. फुकट गेले म्हणजे वाया गेले. फुकट्या म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. फुकटची सल्लामसलत कोणी ऐकत नाही. ज्याला किंमत मोजली नाही त्याची किंमत राहत नाही, हा व्यवहारातला अनुभव आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. विनामूल्य कार्यक्रमाला माणसे उशिरा येतात, मध्येच उठतात, शेंगांची टरफले तिथेच टाकतात. तिकीट काढलेला मनुष्य कंटाळा आला तरी बसून राहतो, कारण त्याचे पैसे तिथे बसलेले असतात. मग फुकटचा आनंद हा हलका आनंद, असे का म्हणू नये?

या हरकतीचा उलगडा 'फुकट' या शब्दात सापडणार नाही, कारण तो शब्द बाजाराचा आहे. बाजारात ज्याला दाम पडत नाही त्याचे वर्णन तो करतो. दाम न घेता दिलेल्या वस्तूला दुसरा शब्द 'दान'. पण दानही इथे नीट बसत नाही. दानाला देणारा आणि घेणारा असे दोन निश्चित पक्ष लागतात. दात्याचे स्वामित्व संपते आणि घेणाऱ्याचे सुरू होते. आणि घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहते. मैदानावर खेळणारे मूल कोणाचे उपकार घेत नसते, आणि मैदान काही त्याच्या मालकीचे होत नाही.

भारतीय धर्मशास्त्राने या दोहोंपलीकडचा एक तिसरा प्रकार ओळखला होता. विहिरी, तळी, बागा, पाणपोया यांसारखी लोकोपयोगी कामे 'पूर्त' या नावाने पुण्यकर्मांत गणली जात, आणि ती लोकांसाठी सोडण्याच्या विधीला 'उत्सर्ग' म्हणत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद स्पष्ट केला आहे. दान दिलेल्या वस्तूचा उपभोग दात्याला पुन्हा घेता येत नाही. उत्सर्गात मात्र कर्ता आपले स्वामित्व सोडतो ते कोणा एकासाठी नव्हे, सर्व भूतांसाठी. आणि त्या सर्वांत तो स्वतःही मोडत असल्यामुळे, तळे सोडल्यावर त्याच तळ्याचे पाणी इतरांसारखाच एक होऊन तो पिऊ शकतो. काल जो मालक होता तो आज घागर घेऊन रांगेत उभा असतो. मानवी विचाराने लावलेल्या फार सुंदर शोधांपैकी हा एक म्हटला पाहिजे. त्यात उपकार नाही, कारण उपकार करणारा उपकृतांतच मिसळून गेला आहे. आणि फुकटेपणा नाही, कारण ज्याचा कोणी मालक नाही ते कोणाच्या जिवावर भोगायचे?

घरच्या सुटीला जे लाभते ते या तिसऱ्या जातीचे असते. अर्थात मैदानाची निगा राखायला पैसा लागतो. तो पोलादाच्या विक्रीतून, करांतून, वर्गणीतून आलेला असतो, आणि ज्याने तो घाम गाळून निर्माण केला तोच संध्याकाळी मुलाचा हात धरून त्या मैदानावर येतो. पाळीवरून सुटलेला कामगार बागेतल्या बाकावर बसतो, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या त्या जुन्या मालकाचीच जागा त्याने घेतलेली असते.

उत्सर्गाचा भोग घेणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी येते, आणि ती तिकिटाने फिटत नाही. पंडवानीचे उदाहरण घ्यावे. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी ही महाभारतकथा जगभर नेली. स्त्रियांनी बसून गाण्याचा प्रघात मोडून त्या उभ्या राहिल्या, तंबुऱ्याचीच कधी गदा केली, कधी धनुष्य. त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुढे भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली. आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. या कथनात मुख्य गायकाबरोबर एक 'रागी' असतो. तो कथेला हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो. कथा सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याच्या हुंकारावर चालते, हे त्या कलेने आपल्या रचनेतच मान्य केले आहे. मराठी कीर्तनातले टाळकरी हेच करतात. आणि शेवटी फिरणाऱ्या आरतीच्या ताटात कोणी किती टाकले हे बुवा मोजत बसत नाहीत. विनामूल्य कार्यक्रमाचे मूल्य असे हुंकारात चुकते होते. वेळेवर येणे, शेवटपर्यंत थांबणे, शेजारच्या म्हातारीला पुढे जागा करून देणे, उठताना आपली चटई झटकून जागा साफ करणे, यांपैकी एकही गोष्ट विकत घेता येत नाही. पाणपोईवर पाणी पिऊन तांब्या पालथा ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यात हे सारे नीतिशास्त्र सामावलेले आहे. म्हणून फुकटचे ते हलके, हे म्हणणे निम्मेच खरे. जिथे घेणारा हुंकार देत नाही तिथे उत्सर्गाचे फुकट होते; हा दोष वस्तूचा नसतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. लोकांना विनामूल्य करमणूक देणारा कोणी निरपेक्ष असतो का? रोमन सम्राट प्रजेला धान्य आणि खेळ पुरवीत, आणि जुव्हेनाल या कवीने त्यावर जो उपरोध केला तो दोन हजार वर्षे ताजा राहिला आहे. अथेन्समध्ये गरीब नागरिकांना नाटक पाहता यावे म्हणून राज्याचा एक निधी होता. मॅसिडोनचा फिलिप चालून येत असताना तो निधी युद्धाकडे वळवावा असा आग्रह डेमॉस्थेनिसने धरला, आणि लोकांना तो रुचला नाही. करमणुकीने माणूस प्रश्न विचारायचे विसरतो, हा धोका खरा आहे. परंतु उत्सर्गाची कसोटी इथेही उपयोगी पडते. देणाऱ्याने खरोखर स्वामित्व सोडले आहे का? जे मर्जीने दिले जाते आणि मर्जी फिरताच काढून घेतले जाते, ते उत्सर्ग नव्हे. ते दानही नव्हे. ते आमिष होय. खेळाचे मैदान, वाचनालय, सभागृह यांवर लोकांचा हक्क आहे की ती केवळ सोय आहे, हे सुकाळात कळत नाही. खर्च कमी करण्याची वेळ आली की पहिली कात्री कोठे लागते, यावरून ते कळते.

भिलाईत हा प्रश्न काल्पनिक नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याच्या कायम कामगारांची संख्या साठ हजारांहून अधिक होती. पुढील तीन दशकांत ती निम्म्याहूनही खाली आली. काम थांबले नाही. त्यातले बरेचसे कंत्राटी मजुरांकडे गेले. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईच्या कामगारजीवनाचा दीर्घकाळ अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'नौकरी' आणि 'काम' या दोन शब्दांतली दरी दाखवली आहे. ज्याला नोकरी आहे त्याला घर, इस्पितळ, रजा आणि निवृत्ती आहे. ज्याला काम आहे त्याला फक्त आजची मजुरी आहे. मराठीत ही दरी आणखी एका जोडीने सांगता येते. नोकरी असलेल्याची सुटी असते. काम असलेल्याचा खाडा असतो. त्या दोघांच्याही कामाचा एक दिवस चुकतो, पण एकाची विश्रांती हजेरीपटावर हक्क म्हणून लिहिली जाते आणि दुसऱ्याची मजुरीतून कापली जाते.

हा हक्क आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली ती देशव्यापी संपानंतर. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देऊ केली. त्याच वर्षी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने विश्रांती, फुरसत आणि नियतकालिक पगारी सुटी हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे चोविसाव्या कलमात म्हटले, आणि समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणी भाग घेण्याचा हक्क सत्ताविसाव्या कलमात. भिलाई परिसरातील कंत्राटी कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी तिथल्या रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात अनेकजण मरण पावले. ज्या शहरात संध्याकाळच्या हवेत बागेतल्या कारंज्याचे तुषार उडतात, त्याच शहराने फुरसतीच्या हक्काची ही किंमतही पाहिली आहे.

म्हणून 'विनामूल्य' या शब्दापाशी थांबून चालत नाही. ज्याचा दिवसाचा खाडा होतो त्याला सकाळचे मोफत शिबिरही महाग पडते, कारण कार्यक्रमाचे तिकीट माफ झाले तरी वेळेचे तिकीट त्याला भरावेच लागते. सेक्टरांच्या आत राहणाऱ्या मुलाला मैदान पाच मिनिटांवर असते. बाहेरच्या बस्तीतल्या मुलाला त्याच मैदानावर आपण उपरे आहोत असे वाटू शकते, मग फाटकावर कोणी अडवो अथवा न अडवो. उत्सर्ग सर्व भूतांसाठी असतो. 'सर्व' या शब्दातून कोणी गळाले, तर उरते ती आपसांतली वाटणी. त्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुटीचे नैतिक मोल यावरही ठरते, की त्यांच्या चटईवर बाहेरच्या मुलाला किती जागा मिळाली.

आणि 'सर्व' या शब्दातून गळणारी एक व्यक्ती तर घरातच असते. सुटी घरी घालवायची असे ठरते, तेव्हा ती कोणाच्या श्रमांवर घालवायची, हे सहसा ठरवले जात नाही. ते ठरलेलेच असते. प्रवासात निदान धर्मशाळेत, हॉटेलात, आजोळी, दुसऱ्या कोणाच्या हातचे अन्न बाईला मिळते. घरच्या सुटीत मुले दिवसभर घरी, पाहुणे दुपारी घरी, पाळीवरचा माणूस अवेळी घरी. चूल मात्र एकच आणि तिच्यापाशी उभी राहणारीही एकच. झोतभट्टी आणि स्वयंपाकघर या दोन्हींना खंड नाही, पण झोतभट्टीला तीन पाळ्या आहेत. उन्हाळा हा वाळवणांचा काळ; पापड, कुरड्या, शेवया, सांडगे, आणि छत्तीसगडी शेजारणीकडून शिकलेली कोहळ्याची बडी. चार घरच्या बायका जमून पापड लाटतात तेव्हा गप्पा होतात, हसणे होते, गाणीही होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की हाही एक विनामूल्य उत्सवच. काही अंशी तो असतोही. परंतु श्रम आणि उत्सव यांना वेगळे करणारी रेषा एकच आहे: नाही म्हणण्याची मुभा. जिला आज पापड लाटायचे नाहीत असे म्हणता येते तिच्यासाठी ते लाटणे खेळ असू शकते. जिला तसे म्हणता येत नाही तिच्यासाठी गाण्यासकट ते काम आहे. ॲरिस्टॉटलने फुरसतीला मानवी जीवनाच्या ध्येयांत उच्च स्थान दिले, आणि ज्या ग्रीक शब्दाने ती सांगितली त्यावरूनच इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द आला. पण त्याच्या नगरातली फुरसत दासांच्या आणि स्त्रियांच्या श्रमांवर उभी होती, हे जगाने फार उशिरा बोलून दाखवले. भिलाईतल्या घराने अथेन्सची ही चूक लहान प्रमाणात गिरवायची की नाही, हे त्या घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी ठरवायचे आहे. बोरे बासी कालवायला फारसे कौशल्य लागत नाही. एका दुपारी ती मुलाने कालवली आणि आई आर्ट गॅलरीतल्या चित्रांसमोर एकटी, घाई न करता उभी राहिली, तर त्या घराची सुटी तिथे खऱ्या अर्थाने सुरू झाली असे समजावे.

राहता राहिला देशाटनाचा प्रश्न. प्रवासाने दृष्टी विस्तारते, हे मराठी मुलाला एका जुन्या आर्येतून पाठ असते, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. वारकरी संप्रदायाने तर चालण्यालाच साधना केले. परंतु त्याच संप्रदायाने सावता माळ्यालाही संत मानले. अरणच्या मळ्यात राबणारा हा भक्त पंढरपूर जवळ असूनही कधी वारीला गेला नाही, मळ्यातच त्याने विठ्ठल पाहिला, अशी परंपरा आहे. आणि आजही पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी त्याच्या भेटीला अरणला जाते. एकाच संप्रदायात जाणाऱ्याचा आणि न जाणाऱ्याचा असा सारखाच सन्मान व्हावा, यात मोठे शहाणपण आहे. सावत्याचे मोठेपण घरी राहण्यात नाही, समोरच्या मातीकडे पूर्ण लक्ष देण्यात आहे. तसे लक्ष नसेल तर काशीला जाऊनही मनुष्य आपल्या उंबरठ्यापलीकडे जात नाही, आणि घरी राहूनही घरात नसतो. जो मुलगा सेक्टरातल्या तेलुगू घरी जेवला, छत्तीसगडी मुलीच्या मातीच्या नवरीच्या वरातीत नाचला, ओडिया रथाच्या दोराला ज्याचा हात लागला आणि जयंतीच्या मिरवणुकीत ज्याने सरबताचे पेले भरले, त्याचे देशाटन घडले नाही असे कोणी म्हणावे? ज्या शहरात देशच चालत आला, तिथे शेजाऱ्याच्या दारापर्यंतचे अंतर थोडे नसते.

तेव्हा घरच्या सुटीत काही स्वतंत्र मूल्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण ते विनाअट नाही. पैसे वाचले म्हणून ती मोलाची होत नाही, आणि पैसे नव्हते म्हणून हीनही ठरत नाही. प्रवासाची सुटी कुटुंबाला आपल्या गावापासून सोडवते. घरची सुटी त्याला आपल्या गावात नव्याने प्रवेश देते, कारण एरवी कामाच्या वाटेवरून दिसणारे गाव त्या दिवसांत निरुद्देश पाहता येते. सार्वजनिक जागा, सार्वजनिक कला आणि सार्वजनिक वेळ यांचा जो उत्सर्ग मागल्या पिढ्यांनी केला, त्याचा भोग घेताना आपणही कशाचा तरी उत्सर्ग करावा, एवढी तिची अट आहे. लक्षाचा करावा, जागेचा करावा, घरातल्या अधिकाराचा करावा. तळे खोदणाऱ्याने ते सर्वांसाठी सोडले होते; पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक पाणी पिणारा त्याला पुन्हा सर्वांसाठी सोडत राहिला, म्हणूनच ते सर्वांचे राहिले.